सोमवारपर्यंत धरलेली जागा

फोन आला तेव्हा अक्का उमापूरच्या आरोग्य केंद्रात होती, म्हणून तो अप्पांनी उचलला. गेवराईच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान. तिथं फोन होता, घरी नव्हता. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, डॉक्टर शिवकन्यानं, सगळ्या अर्जांवर दुकानाचाच नंबर दिला होता.

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार होता. पलीकडचा माणूस मेडिकल कॉलेजातून बोलत होता. स्त्रीरोग विषयाची पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक जागा सुटली होती आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव अक्काचं होतं. मूळ कागदपत्रं घेऊन दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, कार्यालय बंद व्हायच्या आत हजर व्हायचं होतं.

बी.एस्सी. झाल्यापासून मी दुपारी दुकानात बसायचे. मला ऐकू आलं ते फक्त अप्पांच्या बाजूचं.

“उद्या अमावास्या हाय साहेब, त्यात शनिवार. आमच्याकडं मोंढासुदिक बंद असतो. परवा रविवार. सोमवारी पोरीला घिऊन आलो तर?” मग ते बराच वेळ ऐकत राहिले. “बास. लई उपकार झाले.”

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“जागा धरून ठिवतो म्हनला. सोमवारी सकाळी या.”

“नाव काय त्याचं?”

“नाव कशाला इचारू? कॉलेजातला मानूस हाय. खोटं कावून बोलंल?”

अप्पांना असंच वाटणार होतं. मोंढ्यात भाव तोंडी ठरतो. रात्रीतून बाजार पडला तरी सकाळी कुणी सौदा मोडत नाही, कारण मोडणाऱ्याच्या दारात पुन्हा गाडी थांबत नाही. ‘सोमवारपर्यंत धरतो’ म्हटलेला माल सोमवारपर्यंत तिथंच पडून असतो. असं अप्पांनी आयुष्यभर केलं होतं आणि लोकांनी त्यांच्याशी केलं होतं.

संध्याकाळी अक्का आली. बातमी ऐकून ती खाली बसली आणि लगेच उठली.

“मी आत्ता निघते. कागदपत्रं द्या.”

कागदपत्रं दुकानातल्या तिजोरीत होती. अमावास्या शुक्रवारी सकाळीच लागली होती. अमावास्येला आमची तिजोरी उघडत नाहीत. आजोबांच्या आधीपासून नाही.

“रविवारी पहाटं काढून देतो,” अप्पा म्हणाले. “शुभ कामाला जाती हायेस. शनीअमावास्या घिऊन कुठं निघतीस?”

“अप्पा, शेवटची तारीख उद्या आहे.”

“तारीख कागदावरची. त्यानं शबुद दिलाय.”

“कुणी?”

आई मध्ये पडली. “राक्षसभुवनला उद्या शनीची जत्रा हाय. सगळा रस्ता जाम. अडकून बसलीस तर ना इकडची ना तिकडची.”

“अडकले तर अडकले. निघू तरी द्या.”

“बापावर इश्वास न्हाई का तुझा?” अप्पा म्हणाले.

हा प्रश्न आमच्या घरात एकदा विचारला की पुढं कुणी बोलत नसे. अक्का आत गेली. तिला स्त्रीरोगच का हवं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात रतनबाई नावाची अडलेली बाई तिनं उमापूरहून बीडला न्यायला काढली होती. सिझर करणारं जवळपास कुणी नव्हतं. वाटेतल्या गढी गावाच्या अलीकडं रतनबाई जीपमध्येच गेली, पोटातल्या मुलासकट. अक्का तिचा हात धरून बसलेली होती. त्यानंतर तिनं प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू केला.

सोमवारी आम्ही तिघं कॉलेजच्या कार्यालयात पोचलो, तेव्हा तिथल्या बाईंनी अक्काचं नाव पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही शनिवारी आला नाहीत. यादी गेली वर. ती जागा रिक्त दाखवली आहे.”

“फोनवर सोमवार म्हनले होते,” अप्पा म्हणाले.

“कोण?”

अप्पांकडं नाव नव्हतं. त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. ते प्रत्येक टेबलाशी जाऊन काहीबाही विचारू लागले, पाणी कुठं आहे, मोठे साहेब कुठं बसतात, आणि समोरच्याचा आवाज ऐकू लागले. चौकशीच्या खिडकीशी एका बारीक माणसानं उत्तर दिलं तेव्हा ते थांबले.

“तुमीच बोललात माझ्याशी. मी सिद्धाराम, गेवराईचा.”

“फोन मीच केला होता,” तो माणूस म्हणाला. “एकतीसपर्यंत या, एवढंच सांगितलं. असं सोमवारचं मी बोलूच शकत नाही, काका. माझी नोकरी आहे.”

तो अप्पांकडं न बघता बोलला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. माणसं खरं बोलतानाही खाली बघतात.

आम्ही औरंगाबादला हायकोर्टात गेलो. धर्मराज वकिलांनी आधीच बजावलं होतं की आशा धरू नका. “सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय. जागा रिकामी राहिली तरी चालेल, तारीख हलणार नाही. आपण एवढंच म्हणू, की एका दिवसाची सूचना अपुरी होती.”

“आन् त्यानं शबुद दिला होता, ते?”

“ते लिहितो. पण त्याचा उपयोग नाही.”

याचिका पडून होती तोवर मोंढ्यात बातमी फिरली. सटवा नावाचा हमाल पोती उतरवता उतरवता म्हणाला, “काय अप्पा, पोरीची शीट कोर्टानं खाल्ली का शनीनं?” लोक हसले. अप्पाही हसले. त्या दिवशी ते जेवायला घरी आले नाहीत.

सुनावणी लवकर संपली. न्यायमूर्ती शांतपणे बोलत होते. सूचना अपुरी म्हणता येणार नाही, म्हणाले, दिवसभराचा वेळ होता. आज एकीसाठी दोन दिवस दिले, तर उद्या दुसऱ्याला दहा नाकारायचे कशाच्या आधारावर? मग पुढं म्हणाले, “लिपिकानं असं आश्वासन दिलं होतं, असं क्षणभर धरून चालू. तरी फरक पडत नाही. लिपिकाला तारीख वाढवायचा अधिकार नाही. आम्हालाही नाही.”

मी त्या वाक्यांत चूक शोधत राहिले. सापडली नाही.

अप्पा उभे राहिले होते. त्यांना वाटत होतं की आता त्या माणसाला बोलावतील, समोरासमोर उभं करतील, आणि तो बोलला की नाही हे एकदाचं ठरेल. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं तेव्हा वकिलांनी त्यांना कोपरापाशी धरून बाहेर आणलं.

“त्याला इचारलंसुदिक न्हाई,” अप्पा म्हणाले.

“विचारायची गरजच राहिली नाही,” वकील म्हणाले.

बसस्टँडवर गेवराईची गाडी लागायची होती. अक्का बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला उमापूरला ड्युटी होती. ती जागा वर्षभर रिकामी राहणार होती आणि पुढच्या वर्षीची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागणार होती. घरात तर तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं.

अप्पा तिच्यासमोर उभे राहिले.

“कोर्ट मानंना तर न मानू दे. तू मानतीस ना, त्यो बोलला होता म्हनून?”

“बोलला असंल,” अक्का म्हणाली. “बोलला असंलच. तुमी खोटं सांगणार न्हाई.”

अप्पांचा चेहरा जरा सैल झाला.

“पण त्याचं काय करू, अप्पा? मला जाऊ द्या म्हणून मी तुमाला म्हणलं होतं. त्याला न्हाई.”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी गाडीची पाटी वाचत राहिले.

गाडी भरून आली होती. अक्काला आणि मला कसंबसं बसायला मिळालं. अप्पा पुढं दांड्याला धरून उभे राहिले. शहागडला निम्मी गाडी उतरली, आमच्या शेजारचा बाकही रिकामा झाला. कंडक्टर म्हणाला, “बसा की मालक, जागा हाय.” अप्पांनी मान हलवली आणि गेवराई येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. अक्कानं त्यांना बसा म्हटलं नाही.