वहिनींची हरकत

माझ्या मधल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या वहिनी विधानसभेत निवडून आल्या. अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवलेले. गल्लीनेच त्यांना मशीनवरून उठवून तिकडे बसवलं. मला पन्नाशीत अक्षरं त्यांनीच शिकवली, कापडावर रेघा मारायच्या खडूने.

पुढे दादाची नजर गेली. तो पाट्या रंगवायचा. नजरेबरोबर धंदाही बसला. घर वहिनींच्या मानधनावर आलं, आणि पुढची निवडणूक आपल्याला जड आहे हे त्या ओळखून होत्या. आमच्या राज्याला स्वतःची घटना होती आणि तीत स्पष्ट लिहिलं होतं: दोन मुदती पुऱ्या केल्याशिवाय आमदाराला निवृत्तिवेतन नाही. वहिनींची ही पहिलीच. सभागृहाने वाढ केलीच, तर ती पुढच्या निवडणुकीनंतर येणाऱ्यांना. स्वतःच्या ताटात स्वतः वाढून घ्यायचं नाही.

अधिवेशन संपत आलं तसे गटनेते घरी आले.

"वहिनी, शेवटच्या दिवशी विधेयक आणतोय. त्याला आम्ही निवृत्तिवेतन म्हणतच नाही. निरोपभत्ता म्हणतो. आत्ताच्या सगळ्या आमदारांना, दरमहा, जन्मभर."

वहिनी एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. "कोट उलटा घातला म्हणून त्याचा सदरा होत नाही, साहेब."

"दादांच्या डोळ्यांकडे तरी बघा."

"त्यांना दिसत नाही म्हणून मीही डोळे मिटू होय?"

दादा खाटेवरून म्हणाला, "साहेब, चहा घ्या आणि निघा. ही माझंही ऐकत नाही."

शेवटच्या दिवशी दादाला घेऊन मी सज्जात बसलो. त्या दिवशी चर्चेविना विधेयकं काढायची तिथली रीत होती. अध्यक्ष नाव वाचत, "हरकत?" विचारत आणि कुणी श्वास घ्यायच्या आत हातोडा आपटत. एकजण जरी उभा राहिला, तरी विधेयक तिथेच अडायचं. पण मशीन चालवून चालवून वहिनींचा गुडघा कामातून गेलेला. त्यांना उठायला किती वेळ लागतो, हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं.

एका पुलाच्या नावाचं विधेयक चालू असताना वहिनी बाक धरून उठू लागल्या.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, पुलाला हरकत आहे?"

"पुलाला नाही. पुढच्याला आहे."

"पुढचं अजून वाचलंच नाही मी."

"तुमचं वाचून होईपर्यंत माझं उठून होत नाही. म्हणून आधीच उठले."

सगळे हसले. गटनेते तेवढे हसले नाहीत.

दादाने माझं मनगट धरलं. "काय झालं रे?"

"वहिनी उभ्या आहेत."

"आणखी कोण?"

"कोणी नाही."

"मग सगळ्यांना दिसत असेल," तो म्हणाला, आणि ताठ बसला.

पूल मंजूर झाला. निरोपभत्ता वाचला गेला, तेव्हा वहिनी उभ्याच होत्या. हातोडा वर गेला आणि हळूच खाली ठेवला गेला. अधिवेशन संपलं, तसं ते विधेयकही संपलं.

निवडणुकीत वहिनी पडल्या. मशीन पुन्हा दारात आलं. दादाचं औषधपाणी आम्ही दोघांनी मिळून ओढलं. महिनाअखेरीला ते जड जायचंच. गटनेत्यांनी एकदा पँट कमरेत सैल करायला पाठवली. वहिनींनी ती करून दिली आणि नेहमीचीच शिलाई घेतली.

दादा तिसऱ्या हिवाळ्यात गेला. वहिनी गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळच्या वेळी, वारल्या.