तासाभराचं काम

बमरोलीच्या त्या गल्लीत मृणालला ओळीने चार महिने जायचं होतं. सरकारच्या रोजगार पाहणीत एखादं घर निवडलं गेलं, की दर महिन्याला त्याच घरी जाऊन विचारायचं : मागच्या आठवड्यात घरातल्या कुणी काय काम केलं, कुणी काम शोधलं. बँकेतून निवृत्त झालेल्या बापाच्या या मुलीचा जन्म सुरतेतलाच. पण ही कंत्राटी नोकरी लागेपर्यंत तिने बमरोली फक्त रिक्षातून पाहिली होती. टॅबलेट छातीशी धरून ती दारं वाजवायची आणि निम्मी दारं तिला वीजकंपनीची बाई समजून बंद व्हायची.

मालतीबाईंचं दार मात्र पहिल्याच दिवशी उघडलं. "अगं बाई, मराठी आहात होय!" म्हणत त्यांनी तिला आत घेतलं. खोलीत त्या, त्यांचा नवरा हिलाल आणि मुलगा योगेंद्र. उभी हयात लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्याने हिलालना ऐकू कमी यायचं. योगेंद्रही उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण तोंड हसरं.

"हे सगळं जातं कुठं, ताई?" त्याने विचारलं.

"दिल्लीला. तिथून पुढे जिनिव्हाला. सगळ्या देशांचे आकडे तिथे शेजारीशेजारी मांडतात."

"बापरे! मी नंदुरबारच्या पलीकडं गेलो नाही आणि माझी रात्रपाळी परदेशात चालली!" तो बापाच्या कानाशी ओरडून सांगू लागला. हिलालना किती समजलं कोण जाणे, पण पोरगा हसतोय म्हणून तेही हसले.

मालतीबाईंना कामाचं विचारलं, आठवड्यात तासभर केलं तरी धरतात असंही सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय करणार? घरीच."

दुसऱ्या महिन्यात योगेंद्रचं खातं बंद पडलं होतं. मालकाने यंत्रं भंगारात काढली होती. पण योगेंद्र अजून धडपडत होता. कतारगाम, उधना, पांडेसरा, सगळीकडे तो हिंडत होता. मृणालने नोंद केली : बेरोजगार, काम शोधतो आहे.

तिसऱ्या महिन्यात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली. मालतीबाईंनी हाक मारली तेव्हा उठून बसला, पण मान वर केली नाही.

"गेल्या आठवड्यात काम शोधलं?"

"नाही."

पुढचा प्रश्न पडद्यावर आला आणि तिने तो वाचला, जसा रोज वाचायची तसा. "का नाही शोधलं?"

योगेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हीच लिहा काहीतरी."

तिने एक पर्याय निवडला. आता तो बेरोजगारांतही धरला जाणार नव्हता. काम शोधत नाही तो बेरोजगार नाही, ही व्याख्या तिच्या पर्यवेक्षकांनी, वसंत सरांनी, प्रशिक्षणात नीट समजावली होती. सगळे देश एकच माप वापरतात, म्हणून तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येतो. त्यात चुकीचं काही नव्हतं. तरी परतताना तिला वाटलं, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला आपण आणखी एका खोलीबाहेर काढून आलो.

चौथ्या महिन्यात ती गेली तेव्हा दार उघडंच होतं. समोर योगेंद्रचा फोटो, त्याला हार. हिलाल खाटेवर छताकडे बघत पडलेले. मृणाल उंबऱ्यातच थांबली.

"या ताई, बसा," मालतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. "तुम्ही येणार ते ठाऊक होतं मला."

पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून तो गेला होता. पहिल्याच दिवशी वाफेची नळी फुटली.

"तुम्ही गेल्यावर रात्रभर जागा होता," मालतीबाई सांगू लागल्या. "सकाळी दाढी केली. म्हणे, माय, मी कामले जास. कोणत्या कामावर विचारलं तर म्हणे, मिळेल ते. ताईनं पुन्हा विचारलं तर काय सांगू?"

मृणाल म्हणाली, "मावशी, मी... मला ते विचारावंच लागतं हो."

"तुम्हाला बोल नाही लावत. घरात आम्ही दोघं त्याला भीत होतो. कुणी काही विचारत नव्हतं. तुम्ही विचारलं, म्हणून तो उठला तरी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुम्ही म्हणाला होतात ना, आठवड्यात तासभर जरी काम केलं तरी धरतात? तेवढं केलं असेल त्यानं. चहाची सुट्टी झाल्यावर झालं ते. कामावर होता असं लिहा. बसून होता म्हणून जाऊ देऊ नका त्याला."

हो म्हणून टाकणं सोपं होतं. त्यांना पडदा वाचता येत नव्हता. पण या बाईशी खोटं बोलणं मृणालला जमेना.

"नाही लिहिता येत, मावशी. गेलेल्या माणसाचं काम विचारत नाहीत. फक्त तो घरात नाही, एवढंच लिहितात."

मालतीबाईंनी बोटं पदराला पुसली. "बरं," म्हणाल्या. "आमचं विचारा मग."

हिलालचं झालं. आता त्यांचं. "मावशी, गेल्या आठवड्यात तुम्ही काही काम केलं? थोडंसुद्धा?"

त्यांनी खाटेकडे पाहिलं, उठून दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नका ताई. त्याचं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडून साड्या आणल्या, टिकल्या चिकटवायला. लोक म्हणतील, काय आई आहे. पण चूल बंद ठेवता येत नाही हो. यांचं औषध थांबवता येत नाही."

आणि मग, इतका वेळ कोरड्या राहिलेल्या त्या, रडू लागल्या. पोराच्या मरणाचं सांगताना नाही, हे सांगताना. मृणालने टॅबलेट जमिनीवर ठेवला आणि त्यांना जवळ घेतलं. त्यांच्या बोटांना गोंद चिकटलेला होता, तो तिच्या ओढणीला लागला. खाटेवरून हिलाल विचारत राहिले, "काय झालं? काय म्हणते ती?"

शेवटी मृणालने नोंद पूर्ण केली : मालतीबाई, कामावर.

वसंत सरांना तिने त्याच दिवशी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तू बरोबर नोंदवलंस, मृणाल," एवढंच ते म्हणाले. फोन ठेवल्यावर ती बसथांब्यावर उभी राहून मोठ्याने रडली. शेजारच्या बायका सरकून बसल्या आणि त्यांनी तिला जागा दिली.

पुढच्या आठवड्यात तिला कतारगामला नवं घर मिळालं. एक तरुण जोडपं. नवरा जमिनीवर बसून मोबाइल चाळत होता, बायको पाणी घेऊन आली. नावं झाली, वयं झाली. पडद्यावर कामाचा प्रश्न आला, पण मृणालने तो वाचला नाही. ती पाणी प्यायली. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"पूछो ने, बेन," ती बायको हसून म्हणाली.

मृणालने टॅबलेट मांडीवर उपडा ठेवला, आणि त्या तरुणाला आधी विचारलं, "जेवलात का?"