बंकटची वाळू

राधाकिशननं झाडं कापायची मशीन बीडहून आणली, ती काही भावाशी मारामारी करायला नाही. हेतू साफ होता. बांधावरचा कडुलिंब पाडायचा होता, एवढंच. त्याच्या सावलीनं कपाशीच्या काही ओळी दरसाल खुरटायच्या. धाकटा भाऊ बंकट त्याच सावलीत शेळ्या बांधायचा. वाटणीत विहीर, बैल, भांडी आणि आई सगळ्यांचं ठरलं. लिंब तेवढा मधोमध उभा राहिला. बंकटनं कळवून ठेवलं होतं, "लिंबाला मशीन लावायची असंल तर आधी मला लावा."

नवी मशीन घरात आली की पूजा आलीच. राधाकिशनच्या बायकोनं, विजयमालानं, खोक्यातले सुटे भाग पाटावर मांडले. ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते, तिच्या बुडाशी एक बारीक भोक होतं. कंपनीनं एवढी सोय केलीच आहे म्हणून तिनं हळद-कुंकू तेलात कालवून बोटानं त्या भोकात दाबून भरलं. राधाकिशननं नारळ फोडला, पट्टी बसवली, तिच्यावर चेन चढवली आणि टाकीत तेल ओतलं.

चेनला तेल यायचं भोक तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन लिंबाला लावली. बोटभर आत गेली आणि धूर काढू लागली. चेन निळी पडली. टाकी उघडून बघितली, तर तेल काठोकाठ, काल ओतलं तसंच. बंकट शेळ्यांजवळ उकिडवा बसला होता.

"दादा, बिडी पेटवायचीय. जरा इकडं करा मशीन."

"गप बस बे."

"न्हाई, कापताय का भाजताय, तेवढं सांगा."

राधाकिशन वळला. "तू वाळू टाकलीस टाकीत. मशीन ओट्यावर होती, मी आंघोळीला गेलतो, तवा टाकलीस."

"मी कावून टाकू? मशीन बिघडवायला तुमी एकले पुरंसे हाय."

राधाकिशननं मशीन खाली ठेवली, कारण ती नवी होती. दगड उचलला, कारण तो जुना होता. दगड बंकटच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरल्यावर बंकटला दिसेना, म्हणून दाताला जे लागलं ते त्यानं धरलं. तो भावाचा कान होता. वरचा तुकडा त्याच्याकडेच राहिला. विजयमाला आणि बंकटची बायको अंजना काठ्या घेऊन सोडवायला धावल्या. सोडवताना दोघांनाही दोन-चार जास्तीच्या बसल्या, पण त्या घरातल्या होत्या.

कानाला फडकं बांधून राधाकिशन मशीन घेऊन चौसाळ्याला गेला. तिथल्या हनुमान मिस्त्रीनं पट्टी काढली, भोकात तार घातली. लालभडक गोळी बाहेर आली.

"मशीनला सवाष्ण केलीय तुमी," हनुमान म्हणाला.

त्यानं चेन बदलली, मशीन चालू केली आणि पट्टीचं टोक एका पांढऱ्या दगडावर धरलं. दगडावर तेलाची बारीक रेघ उमटली. "ही रेघ दिसली तरच लाकडाला लावायची. न्हाई दिसली तर समजा चेन कोरडी हाय."

परत येताना राधाकिशननं विचार केला. कुंकू म्हणावं, तर कान फुकट गेला. बायकोचंही नाव निघणार. भावाला विनाकारण मारलं असं लोक म्हणणार, आणि आमच्याकडं भावाला मारायला ना नाही, कारण मात्र लागतं. हॉटेलात चहा घेता घेता त्यानं सांगून टाकलं, "वाळू निघाली. मूठभर."

गाव बंकटवर थुंकेल असा त्याचा अंदाज होता. गावानं वेगळंच केलं.

"वाळू? डोकं लई चालतंय की बंकटचं."

"न्हाई तर काय. हाणामारी कुणीबी करतंय."

बंकटनं आधी शेळीच्या गळ्याची शपथ घेतली, की आपण टाकली नाही. कुणाला पटेना. मग हॉटेलात त्याला फुकट चहा यायला लागला, तशी शपथ जरा खालच्या आवाजात व्हायला लागली. पुढं नांदूरघाटचा एक माणूस शेजाऱ्याच्या मळणीयंत्राबद्दल सल्ला विचारायला आला. आतापर्यंत आयुष्यात बंकटला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं कपाळाची पट्टी चाचपली आणि म्हणाला, "बारीक घ्यायची. चाळून."

हे राधाकिशनच्या कानावर गेलं; उरलेल्या. आपण सांगितलेलं खोटं त्याला सोसलं असतं. पण चाळून म्हणजे फारच झालं. आणि ते खोटं आहे हे गावाला सांगायची सोय त्यानंच ठेवली नव्हती. सकाळी तो मशीन घेऊन निघाला. बांधावरच्या दगडावर तेलाची रेघ बघितली आणि मशीन लिंबाला लावली.

काकडीत जावी तशी चेन गेली. पांढरा भुसा उडत होता. निम्मा बुंधा कापून झाला तेव्हा बंकट कुऱ्हाड घेऊन आला.

"वाळूनं भागलं न्हाई वाटतं."

राधाकिशननं मशीन बंद केली नाही. तिच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "वाळू न्हवती बे. कुंकू होतं. तुज्या वहिनीनं भरलं होतं."

बंकटच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. लिंब जात होता आणि नावही जात होतं.

"कुंकू म्हणता? मी सोता चाळून टाकलीय."

कुऱ्हाड पट्टीवर बसली. चेन तुटली आणि आसुडासारखी उलटी आली. राधाकिशनच्या डाव्या हाताची दोन बोटं भुशात पडली. त्यानं आधी बोटांकडं बघितलं, मग उजव्या हातानं बंद पडलेली मशीन गरकन फिरवून बंकटच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज अंजनाला खळ्यापर्यंत ऐकू गेला. बंकट पडला, उठला, भावाच्या पोटात डोकं घालून त्याला घेऊन परत पडला. रक्तात भुसा कालवून दोघं लोळत राहिले. एका शेळीनं बोट हुंगलं आणि सोडून दिलं. शेळी सगळं खाते, हे खोटं आहे.

ठाण्यात हवालदारानं जबाब घेतला.

"साहेब, वाळू न्हवतीच," राधाकिशन म्हणाला. "हा निर्दोष हाय. बोटं मात्र यानंच तोडली."

बंकटला बोलता येत नव्हतं. जबडा फडक्यानं डोक्याला बांधला होता. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मूठ वळली आणि टेबलावर हवेतच चाळणी हलवून दाखवली.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "बोटांवर तरी तुमचं दोघांचं एकमत हाय ना?"

होतं. बंकट आत गेला. मशीन मुद्देमाल म्हणून जमा झाली.

टाके काढल्यावर राधाकिशन एकदा बांधावर आला. लिंब निम्म्या बुंध्यावर उभा होता. कापलेल्या खाचेतून डिंक गळत होता, वरचा पाला हिरवाच होता. अडवायला कुणी नव्हतं. त्यानं घरातली कुऱ्हाड आणली होती. उजव्या हातानं ती उचलली, डावा हात दांड्याला लावला. धरता येईना. पुन्हा लावला. कुऱ्हाड निसटून पायाजवळ पडली.

अंजना शेळ्या घेऊन आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दादा, जरा सरका. शेळ्या बांधायच्यात."

राधाकिशन उन्हात सरकला.