सोळा घरांचा फोटो

फोटोच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं खपत नाही. मी दुलीचंद, गोंदियात माझा स्टुडिओ, आणि १९५४ साली सबंध शहरात रुंद आणि लांब अशा दोन लेन्स आलटून लावता येणारा कॅमेरा माझ्या एकट्याकडे होता. ही शेखी वाटेल. तेव्हा मी ती मिरवतही होतो, आणि तिच्यापायी काय झालं तेच सांगायला बसलो आहे.

मे महिन्यात भर उन्हाचा हिरडबांधचा म्हातारा मंगरू ढिवर माझ्याकडे आला. नागझिऱ्याच्या जंगलाकडे हा तलाव, आणि त्याच्या काठावर मासे धरणाऱ्या ढिवरांची सोळा घरं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला आणि तहसीलच्या साहेबांनी काठ मोकळा करायचा हुकूम काढला. ढिवरांनी घरं राखायचा अर्ज केला तेव्हा, ज्या घरात माणूस नांदता दिसेल तेवढंच घर राहील, सोमवारपर्यंत सबंध काठाचा फोटो आणा, असं त्यांनी बजावलं होतं.

"रिकामं घर धरत नाही म्हन्ते," मंगरू म्हणाला. "दुलीचंदभाऊ, आमी कुठी जावाव? पान्याबिगर ढिवर काय करन?"

दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या कडेला कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. समोर काठ विळ्यासारखा वळलेला. रुंद लेन्स लावली की सोळाच्या सोळा घरं एका काचेच्या प्लेटवर मावत, पण माणसं तांदळाच्या कणीएवढी. लांब लेन्सने बायांच्या कपाळावरचं गोंदण दिसे, पण एका वेळी चारच घरं येत. म्हणजे चार प्लेटा घ्यायच्या, दर वेळी कॅमेरा थोडा वळवायचा आणि मग चारही फोटो कागदावर जोडायचे.

"भाऊ, एका झटक्यात सारं येते त तेच लावा ना," मंगरू म्हणाला.

मी त्याच्यावर डाफरलो. "साहेबाले का मुंग्या दाखवता? आदमी वळखू आला पायजे!"

मी लांब लेन्स चढवली. जो तो आपापल्या दारात उभा राहिला. म्हाताऱ्यांनी श्वास रोखून धरले होते. मी काळ्या कापडाखाली, त्यात काचेवर सगळं उलटं दिसणार. घाम पुसत, प्लेटा बदलत, पाण्याची रेघ जुळवत माझा तासभर गेला. डार्करूममध्येही मी फक्त सांधे पाहिले. पाण्याला पाणी लागतं का, छपराला छप्पर लागतं का, एवढंच. चेहरे बघायची मला फुरसत नव्हती.

सोमवारी साहेबांनी तो लांबलचक फोटो टेबलावर पसरला. "वा! फार स्पष्ट आलाय," ते म्हणाले आणि माझी छाती फुगली. मग त्यांनी हातात भिंग घेतलं. त्यांचं बोट एका दारावर थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. असं चार वेळा झालं.

"ही बाई चार घरांत राहते का?"

ती मंगरूची विधवा सून धुरपता होती. बाहेर व्हरांड्यातच उभी होती, तिला आत बोलावलं. ती जराही घाबरली नाही.

"तीन घरचे लोकं तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेले, साहेब. त्याईच्या घरी दिवा मीच लावतो, सडा मीच टाकतो. फोटोत बी मीच उभी राह्यली. त्यात का झालं?"

त्यांच्याकडे रीतच तशी. कोणी जंगलात गेलं की शेजारणीने त्याचं घर जागतं ठेवायचं, घर ओस पडू द्यायचं नाही. मी प्लेट बदलत असताना ही घरांच्या मागून जाऊन पुढच्या बंद दारात उभी राहत होती.

"तीन घरं खोटी दाखवलीत," साहेब म्हणाले. "मग उरलेली तेरा खरी कशावरून?"

मंगरूने त्यांचे पाय धरले. मी आधी आवाज चढवला, मग हात जोडले, प्रत्यक्ष येऊन बघा म्हणून गयावया केली. साहेबांनी माझाच फोटो माझ्यासमोर सरकवला आणि अर्जावर नामंजूर लिहिलं. सोळाही घरं गेली.

बाहेर कडुनिंबाखाली धुरपताने मला गाठलं. "भाऊ, त्या दुसऱ्या, रुंद काचेनं मले चार दारात उभं राह्यता आलं असतं का?"

खोटं बोलवेना. "नाही," मी म्हणालो. "सारं एका झटक्यात आलं असतं, तू एकाच दारात दिसली असतीस आणि तेरा घरं तरी वाचली असती."

ती म्हणाली, "पत्त्यावाले बुधवारी वापस येऊन राह्यले. घर मोडलेलं पाहतीन, अन् मंग माह्यं तोंड पाहतीन. तुमी या, भाऊ. त्याईले सांगा का काच तुमी निवडली. माह्या एकटीच्या बोलन्यावर कोनी भरोसा नाही करन."

मी येतो म्हणालो. मनापासून म्हणालो.

बुधवारी सकाळी सायकल बाहेर काढली. गोंदियात बोभाटा होईल, दुलीचंदने सोळा घरं बुडवली म्हणतील, हे मनात आलं आणि पाय उचलेना. त्याच वेळी एक नवं जोडपं फोटो काढायला आलं. मी त्यांना आत घेतलं, खुर्च्या मांडल्या, मान जरा वर करा म्हणालो. हिरडबांधच्या वाटेवर धुरपता एकटीच उभी राहिली असेल.