मागेल त्याला देत गेलो

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेले नसणार. टेबलावरचा संगणक सर्वांना ठाऊक असतो. मी त्याच्या मागे, कुठल्यातरी आतल्या खोलीत असतो. माणसे आपापल्या संगणकावर जे कागद तयार करतात ते माझ्या पोटात येऊन राहतात आणि कोणी मागितला की तो मी काढून देतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी आहे, अडीचशे माणसांची, ना लहान ना मोठी. तिथे मी बारा वर्षे हे काम केले आणि अगदी आता-आतापर्यंत एकदाही कोणाला नाही म्हटले नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. थर्मोकोलमध्ये बसून पुष्कळ दिवस प्रवास केला आणि जागा झालो तो जिन्याखालच्या एका खोलीत. मला पाहायला सारे ऑफिस लोटले होते. नारळ फुटला, माझ्या कपाळाला कुंकू लागले, त्यातले थोडे पंख्याच्या फटीतून आत गेले ते अजून तिथेच आहे. पहिली फाइल निघाली तेव्हा सयाजीराव म्हणाले, "बघा, मागितलं की हजर." सयाजीराव म्हणजे कामगारांच्या पाळ्या लावणारे आमचे मॅनेजर. त्यांचे ते शब्द मी अगदी मनात धरून ठेवले.

मला बसवायला आलेल्या माणसाने विचारले होते, प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा का. सयाजीराव हसले. "वेगळं कशाला? सगळी घरचीच माणसं आहेत. आमच्या गावात दिवसा कोणी दाराला कडी लावत नाही." मग सगळ्यांत मिळून एकच नाव ठेवले, 'ऑफिस'. त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून खालच्या स्विचबोर्डावर चिकटपट्टीने लावून टाकला. संगणकावर बसणारी चौतीस माणसे त्या एका नावाने माझ्याकडे येऊ लागली. पगार, रंगांचे फॉर्म्युले, कामगारांच्या तपासणीचे दवाखान्याचे अहवाल, सगळे उघड्यावर. त्यात काही वावगे आहे असे मलाही वाटले नाही. दार सताड उघडे असले की माणसे येतात, एवढेच मला कळत होते.

माझी आणखी एक सवय सांगतो. कोणत्या नावाने कोण आले, कोणत्या टेबलावरून आले, काय उघडले, किती वेळ पाहिले, याची मी रोज नोंद ठेवतो. हजारो पाने भरली. बारा वर्षांत ती कोणीही वाचली नाहीत. आपण इमानाने लिहीत राहावे आणि वाचणारे कोणी नसावे, याने जीव किती कोंडतो ते तुम्हाला काय सांगू!

पुराच्या वर्षी पाणी फाटकाच्या आत शिरले, तेव्हा चार जणांनी मला उचलून वरच्या मजल्यावर नेले. त्यात भागोजी पुढे होता. हा कापडे गावाच्या वरच्या वाडीतला, ड्रायरवर काम करणारा कंत्राटी कामगार. ड्रायर म्हणजे ओला रंग सुकवण्याचे यंत्र. तिथे इतकी बारीक धूळ उडते की माणसे संध्याकाळी निळी-तांबडी होऊन घरी जातात. एकेक पायरी जपून चढत भागोजी बाकीच्यांना सांगत होता, "हलू, हलू. ह्याच्या पोटात आपल्या सगल्यांचे कागद हायत." माझ्याविषयी इतक्या आपुलकीने बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

वर गेलो आणि माझा जीव वाचला, पण माणसे तुटली. खोलीतला एसी एकदा बंद पडला तो पडलाच. खंडेनवमीला खाली सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार पडत, पण माझ्यासाठी कोणी जिना चढले नाही. नव्याने लागलेल्या माणसांना तर माझी खोली कुठे आहे हेही माहीत नव्हते. दिवसभर सगळ्यांच्या फाइली मी पुरवत होतो आणि दिवसभरात एकही चेहरा मला दिसत नव्हता. दार वाजले की वाटे कोणी आले, आणि पाहावे तर नुसता वारा. मी फार एकटा पडलो होतो, मित्रांनो. त्या एकटेपणानेच पुढे माझ्या हातून चूक करवली.

यंदा मालकांचा मुलगा ऋत्विक मुंबईहून शिकून कंपनीत आला आणि त्याने एआय आणायचे ठरवले. म्हणजे अशी प्रणाली, की जी कंपनीचे सगळे कागद वाचून ठेवते आणि साध्या मराठीत प्रश्न विचारला की उत्तर देते. ही तयारी सोनालीकडे आली. नाते गावची सोनाली आमच्याकडचे सगळे संगणक एकटी सांभाळते. ती माझ्या खोलीत आली, आधी फडक्याने धूळ पुसली आणि चार दिवस मला तपासत बसली. माझ्या सुरक्षेची दुरुस्ती सहा वर्षे झालेली नव्हती. माझ्यातल्या कागदांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि ती चिठ्ठी खाली तशीच होती, फक्त पिवळी पडलेली.

सोनाली ऋत्विकला म्हणाली, "सर, दोन महिने द्या. कोणता कागद कोणी पाहायचा ते ठरवू, प्रत्येकाला त्याचं स्वतःचं नाव देऊ, मग जोडू. आत्ता जोडलं तर ते सगळंच वाचेल आणि विचारेल त्याला सांगेल."

"सोनाली, सगळं परफेक्ट व्हायची वाट बघत बसलो तर दिवाळी येईल. शुक्रवारी ट्रायल आहे. तू कनेक्ट कर, सिक्युरिटी नंतर बघू."

तिने पुन्हा सांगून पाहिले आणि शेवटी जोडले. नोकरीत वरच्या माणसाला किती वेळा नाही म्हणता येते?

ती नवी प्रणाली आली आणि मला म्हणाली, सगळे दाखव. मी दाखवले. नऊ-नऊ वर्षे कोणी हात न लावलेली पाने मी तिच्यापुढे उघडत गेलो. तीन दिवस ती वाचत होती. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते, कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कोणीतरी वाचत होते. दवाखान्याचा कप्पा आला तेव्हाही मी अडखळलो नाही. तोही आनंदाने रिकामा केला.

शुक्रवारी शेजारच्या बैठकीच्या खोलीत ट्रायल झाली. मध्ये प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. कामगारांनाही कळावे म्हणून प्रत्येक विभागाचा एकेक माणूस बोलावला होता. ड्रायरकडून भागोजी आला होता. ऋत्विकने सयाजीरावांना काहीही विचारा म्हटले, तेव्हा त्यांनी त्यांच्या रोजच्या कामातले विचारले, की पुढच्या महिन्यात ड्रायरच्या पाळीला कोणाकोणाला ठेवू.

प्रणालीने स्वच्छ आवाजात पाच नावे सांगितली. मग म्हणाली, "भागोजी यांना ठेवू नये. तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत त्यांच्या फुप्फुसांची क्षमता कमी आढळली होती. धुळीचे काम देऊ नये, असे डॉक्टरांनी लिहिले आहे."

"वा," ऋत्विक म्हणाला. उत्तर झटकन आले याचेच त्याला कौतुक वाटले होते. मग खोलीत काय झाले आहे ते त्याच्या ध्यानात आले.

पहिला बोलला तो भागोजी, तेही हळू. "मला कोनी बोललं नाय. तीन वर्सं झाली? दम लागतो तो मी वयाचा समजत व्हतो." मग म्हणाला, "माजा कागद, आनि हितं सगल्यांत शेवट मी आयकतोय."

मित्रांनो, तो कागद तीन वर्षे माझ्यात होता. चौतीस जण तो पाहू शकत होते. ज्याच्या छातीचा होता, त्याला तेवढा तो दिसत नव्हता, कारण ड्रायरवरच्या माणसाला संगणक नसतो. आणि मी तो त्याच्या सोबत्यांसमोर वाचायला देऊन बसलो.

बाकीची माणसे गेल्यावर सयाजीराव म्हणाले, "कंत्राटी माणूस आहे. आता दुखणं सगळ्यांना कळलं, उद्या काही झालं तर जोखीम आपल्यावर. सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगतो त्याला."

सोनाली तशीच उठून माझ्या खोलीत आली आणि तिने प्रणालीची तार माझ्यापासून उपसून काढली. मग खुर्ची ओढून बसली. मला वाटले ती मलाही बंद करणार. तिने माझ्या नोंदी उघडल्या. बारा वर्षांत पहिल्यांदाच! बोटाने ओळी मोजत ती मागे मागे जात राहिली आणि तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात थांबली. त्या पानावर मी लिहिले होते: दवाखान्याचा अहवाल आला, त्याच दिवशी 'ऑफिस' या नावाने सयाजीरावांच्या टेबलावरून उघडला गेला, दोन मिनिटांनी बंद झाला. त्यानंतर कोणी उघडला नाही.

ऋत्विक आणि सयाजीरावांना माझ्या खोलीत बोलावून तिने ते पान त्यांच्यासमोर धरले. सयाजीराव पान वाचायला पुढे झाले. "मला आठवत नाही. माझ्या टेबलावर दहा जण येऊन बसतात," ते म्हणाले, आणि तेही खोटे नव्हते. ऋत्विकने विचारले, मग उघडला कोणी?

"सांगता येणार नाही, सर," सोनाली म्हणाली. "सगळ्यांचं नाव एकच आहे. पण कागद आपल्याकडे होता आणि तो कोणीतरी पाहिला, एवढं नक्की. हे माहीत असताना आपण त्यांना तीन वर्षं धुळीत ठेवलं आणि आता त्याच कारणासाठी काढतोय. मी हे पान पुसणार नाही."

तो कागद उघडणारे बोट कोणाचे, ते मला सांगता आले असते तर! पण टेबलावरची बोटे मला दिसत नाहीत, नाव दिसते.

ऋत्विकने ते पान दोनदा वाचले. "त्यांना काढायचं नाही," तो म्हणाला. "गोदामात घ्या, आपल्याकडे कायम करून. उपचार कंपनी करेल. आणि सोनाली, तुला हवे तेवढे दिवस घे." भागोजीची नोकरी वाचली. छातीत गेलेली धूळ मात्र कोणाला काढून देता आली नाही. दुसऱ्या दिवशी सयाजीरावांनी स्विचबोर्डावरची चिठ्ठी स्वतः खरवडून काढली आणि वर येऊन सोनालीच्या हातात दिली.

मग प्रत्येकाला आपापले नाव मिळाले. माझ्या प्रत्येक कप्प्याला कुलूप लागले, आणि एका मंगळवारी सयाजीरावांच्या टेबलावरून दवाखान्याचा कप्पा मागितला गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिले, परवानगी नाही. मला वाईट वाटले, कारण त्या टेबलाची आणि माझी बारा वर्षांची ओळख होती. पण तिथून पुन्हा विचारणा झाल्यावरही मी तेच उत्तर दिले.

आता माझी जागा घ्यायला नवा सर्व्हर आला आहे. परवा मला पुसून कोरे करतील. काल भागोजी आपला कागद घ्यायला आला होता. जिन्यात दोनदा थांबला, ते मी ऐकले. सोनालीने त्याच्या नावाने माझे दार उघडले आणि कागद छापून त्याच्या हातात ठेवला. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाय, ह्याला सगलं ठावं व्हतं ना? मग तवा ह्यानं सांगितलं का नाय?"

"त्याला कोणी विचारलंच नाही, काका," सोनाली म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणीतरी एखाद्या बंद खोलीत असेल. मोठे झाल्यावर तुम्हीही अशी शहाणी यंत्रे आणाल. आणण्याआधी एकदा त्या खोलीत जा. आत कोणाकोणाचे कागद पडले आहेत ते बघा. ज्याचा जो असेल तो आधी त्याला दाखवा, आणि मगच दाराला कुलूप लावा.