पडद्यासमोरची जागा

तुळसाबाईच्या खानावळीत मला रोज एकाच जागी बसवत. ते का, हे शोधून काढायला मला चार महिने लागले. लकडगंजातल्या एका वखारीत मी लाकडं मोजायचं काम करायचो. ओंडका कितीही वाकडा असो, त्याची लांबी आणि घेर काढल्याशिवाय मला चैन पडत नसे. पण या एका बाकाचं माप काही सापडेना.

गोष्ट एकाहत्तर सालची. वखारीतला माझा सोबती रुपराव मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेला. रुपराव शेतकऱ्याचा मुलगा, हिरव्या मिरच्या शेंगदाण्यासारख्या खाणारा. खानावळ म्हणजे टिनाचं छप्पर, दोन लांब टेबलं, आणि मागं रांधायच्या खोलीच्या दाराला लावलेला गोणपाटाचा पडदा. सावजी पद्धतीचा मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा, ताटाच्या कडेला थोडं मीठ. आमच्या घरी आईच्या पोटदुखीमुळं तिखट बेतानंच असायचं. त्यामुळं पहिल्याच घासाला माझ्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. रुपराव हसत होता, मी रुमाल भिजवत होतो, पण ताट मी चाटूनपुसून संपवलं. इतकं चांगलं मी तोवर कुठंच खाल्लं नव्हतं.

वाढायला तुळसाबाईची सून गोपिका असे. निघताना तिनं विचारलं, "महिन्याचे जेवणारे का, भाऊ? पाटीवर लिवतो. आडनाव काय?"

"गजभिये," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रुपरावाशेजारी बसायला गेलो तर गोपिकेनं हटकलं. "तुमी इथं नका बसू. तुमी तिकडं." तिकडं म्हणजे पडद्यासमोर, एकच माणूस बसेल अशा आखूड बाकावर.

माझं डोकं का फिरलं ते सांगायला हवं. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, वडिलांच्या खांद्यावर. त्याआधी आमच्या गावच्या हॉटेलात वडिलांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. चहा वरून ओतत, आणि पिऊन झाल्यावर वडील ती स्वतः विसळून परत खोचत. आता ते कळमेश्वरला राहायचे. दर रविवारी मी बसनं घरी गेलो की खानावळीबद्दल आधी एकच विचारायचे, "गिलास सगळ्यायचाच का गा?"

आडनाव सांगितलं आणि जागा बदलली. यात समजायचं काय बाकी होतं? रुपराव म्हणाला, "सोड ना गा. दुसऱ्या खानावळीत जाऊ." पण मी जरा हट्टी माणूस. जायचं तर कारण हातात घेऊन जाईन, नुसता संशय घेऊन नाही. शिवाय तो रस्सा सोडवत नव्हता, हेही खरं.

मी शोध सुरू केला तो गिलासापासून. ओंडक्यावर खूण करायचा खिळा खिशात असायचाच. माझ्या गिलासाच्या बुडाला मी बारीक फुली ओढली. चार दिवसांनी तो गिलास एका हमालाच्या हातात दिसला, पुढं रुपरावाकडं, मग एका मारवाडी मुनीमाकडं. म्हणजे गिलास सगळ्यांचाच होता. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग जागा काहून वेगळी?"

मग लक्षात आलं, की पहिलं ताट रोज मलाच येतं. खोली भरलेली असो, माणसं भुकेनं खोळंबलेली असोत, मी तीन-चार घास खाईपर्यंत दुसऱ्या कुणाला वाढत नसत. आणि त्या वेळात पडदा कडेनं बोटभर सरके. फटीतून एक डोळा माझ्याकडं पाही. तुळसाबाई! मी तिला तोवर कधी धड पाहिलं नव्हतं. नुसता आवाज आणि हा डोळा. कधी घास घेऊन मी मिठाला बोट लावलं की आत डब्याचं झाकण वाजे, कधी पळी फिरे, कधी काहीच नाही. मग गोपिका धडाधड ताटं आणू लागे.

ही बाई पाहते तरी काय? अन्नात काही कमी-जास्त झालं तर आधी मी मरावं, असा हिशेब असेल का, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग वाटलं, नाही, माझा घाम पाहून तिची करमणूक होते. हा विचार मात्र मला झोंबला.

एप्रिल लागला. उन्हानं हमाल डोक्याला ओले दुपट्टे बांधू लागले. मला युक्ती सुचली. एका दुपारी मीही ओला दुपट्टा भुवयांपर्यंत घट्ट आवळून खानावळीत गेलो. मनाशी ठरवलं, आज कपाळ दिसणार नाही, रुमाल निघणार नाही, मिठाला बोट लागणार नाही. पाहू तरी ती काय करते.

ताट आलं. मी दगडी चेहऱ्यानं घास घेतला. जीभ पेटली, दुपट्ट्याखाली घाम वाहू लागला, पण मी हूं की चूं केलं नाही. पडदा सरकला. डोळा बराच वेळ थांबला. मग आत डब्याचं झाकण वाजलं, तेल चरचरलं, आणि मिरचीचा असा ठसका बाहेर आला की दाराशी बसलेले दोघं खोकत उठले. मला मनातून गंमत वाटत होती.

गंमत पाच मिनिटं टिकली. सगळ्यांना ताटं गेली आणि खोलीत एकच हलकल्लोळ झाला. नाकं गळू लागली, पाण्याची घागर रिकामी झाली, आणि रुपराव, माझा रुपराव, डोळे पुसत म्हणाला, "आज काय झालं वं गोपिकाबाई?" चार हमाल ताटं सारून उठले. त्यातला म्हातारा धोंडबा रोजचा जेवणारा. तो दारातून ओरडून गेला, "उद्यापासून आमचं नाव खोडा."

पडदा बाजूला झाला आणि तुळसाबाई बाहेर आली. साठीची, काटकुळी, हात कोपरापर्यंत मसाल्यानं लाल. ती कुणाकडं न पाहता सरळ माझ्यासमोर आली.

"डोक्याचं सोडा, भाऊ."

मी दुपट्टा सोडला. घाम पार हनुवटीपर्यंत ओघळला. तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि ती शेजारच्या टेबलाला टेकली.

"घाम तं आला होता," ती हळूच म्हणाली. "मंग झाकला काहून?"

माणसं निघून गेल्यावर मीही आडपडदा ठेवला नाही. "तुमी मले इथं वेगळं काहून बसवता? आडनाव ऐकून?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं गोपिकेला बाहेर पाणी आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"दोन वर्सं झाले, मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, जिभेची चव घेऊन गेला. मले तिखट समजत नाही, खारं समजत नाही. गोपिका माळकरीन, तोंडाले लावत नाही. अन् बाकीच्यायच्या जिभा दगडाच्या, ते काहीबी खाते. पहिल्या दिवशी तुमाले पाह्यलं. बरोबर झालं होतं तं तुमचा घाम कपाळावरच थांबला. मीठ कमी होतं तं तुमचं बोट मिठात गेलं. मी म्हटलं, हा माणूस खरं सांगते." तिनं दाराकडं एकदा पाहून घेतलं. "हे लोकायले समजलं तं? चव नसलेल्या बाईच्या हातचं कोण खाईन, भाऊ?"

"मंग मले सांगाचं ना."

"भेव वाटे. तुमी बाहेर बोलले तं?"

"मले वाटलं जातीनं बसवलं."

"जात मले काय समजन," ती म्हणाली, "मले तं मीठ समजत नाही."

मी हसलो, पण मला फसवणं सोपं नाही. नागपुरात गजभिये हे आडनाव ऐकून कुणाला काय ते समजत नाही? तिलाही समजलं असणारच. समजूनही तिनं दोन डझन माणसांच्या जिभा सोडून माझ्या कपाळावर भरवसा ठेवला होता, आणि मी तेच झाकून तिची चूल विझवायला निघालो होतो. मला लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता एक करा. उद्या जल्दी येजा. बाहेर घाम पाह्यत बसण्यापरीस आतच या अन् चाखून सांगा."

दुसऱ्या दिवशी मी अकरालाच गेलो. धोंडबाला वाटेत गाठून, एकवार जेवून पाहा, म्हणून पटवलं होतं. तुळसाबाईनं पडदा धरला. माझे पाय मात्र उंबऱ्याबाहेरच अडले. तिला वाटलं, मी चपलांमुळं थांबलो. "राहू द्या, या," ती म्हणाली. आत चुलीवर रश्श्यानं भरलेलं मोठं गंज खदखदत होतं. तिनं पळीभर रस्सा माझ्या तळहातावर ओतला. मी फुंकून चाटला. तिखट बरोबर होतं.

रविवारी वडील ओट्यावर बसले होते. नेहमीचा प्रश्न यायच्या आत मी म्हणालो, "बाबा, या खेपी आत गेलो होतो. चुलीपाशी. चाखाले बोलावलं होतं."

त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर होतं का?"

"कमी होतं."

"तू सांगतलं तिले?"

"सांगतलं."

"अन् तिनं टाकलं?"

"टाकलं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग आत आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का वं? यानं सांगतलं, तवा मीठ टाकलं तिनं."