कडी बाहेरच्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. घराच्या दर्शनी भागाचे नव्हे. त्या दाराला पितळी कडे असते, पाहुणे त्याच्यापुढे थबकून केस सारखे करतात. मी गंगेकाठच्या काल्ना गावात, बागची कुटुंबाच्या भांडारघराचे दार आहे. माझ्यापुढे कोणी केस सारखे केले नाहीत.

नगेन नावाच्या सुताराने मला सालवृक्षाच्या जाड फळ्यांतून घडवले. भांडारघरात तांदळाची पोती छतापर्यंत रचलेली असत, त्यामुळे मी आत उघडून चालणारे नव्हते. मी बाहेर उघडते. पूर्ण उघडले की अर्धे वर्तुळ फिरून बाहेरच्या भिंतीला चिकटते, आणि माझी आतली बाजू समोरच्या स्वयंपाकघराला दिसते. वाळवी लागू नये म्हणून त्या बाजूला डांबराचा हात दिला होता. बाहेरची बाजू मात्र हिरव्या रंगाची, आणि तिच्यावर लोखंडाची कडी. आतून कडी नाही. तांदळाला आणि खजुराच्या गुळाला आतून कडी लावायची गरज पडत नाही.

तेव्हा माझे कौतुक होत असे. घरातली हिरणपिशी, म्हणजे आताच्या धन्यांची मोठी बहीण, मोहरीच्या तेलाचे बोट माझ्या कडीवरून फिरवायची आणि शेजारणींना सांगायची, "या दारानं आजवर एक उंदीर आत जाऊ दिला नाही." पुढे तांदूळ दुकानातून पिशवीत येऊ लागला. भांडारघर रिकामे झाले. आत मोडकी छत्री, लक्ष्मीपूजेची भांडी आणि कोळ्यांची जाळी उरली. पावसाळ्यात मी फुगून चौकटीत रुतत असे आणि हिवाळ्यात आकसून सुटत असे, एवढेच माझे काम. मग एके दिवशी आत एक टेबल आले, दिवा आला आणि बुल्टी आली.

बुल्टी ही घरातली मुलगी, हिरणपिशीची भाची. शाळेत तिचे नाव देवारती. दहावीत होती. सहामाहीत ती गणितात आणि भौतिकशास्त्रात नापास झाली. तिची आई शेफाली शाळेतून परतली ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"मोठ्या दीदीमणी म्हणाल्या, टेस्टमध्ये असंच झालं तर माध्यमिकला पाठवणार नाही. वर्ष इथंच."

मोठ्या दीदीमणी म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि माध्यमिक ही तिकडची दहावीची मोठी परीक्षा. तिच्याआधी शाळा आपली टेस्ट घेते, आणि जी मुले त्यात अडतात, त्यांना पुढे बसू देत नाहीत.

"मा, पुढच्या वर्षी..." बुल्टी म्हणाली.

"पुढचं वर्ष मला पण सांगितलं होतं. टेस्टमध्ये अडवलं आणि पुढच्या वर्षी मी या घरात सून होऊन भात शिजवत होते. जा आत."

कडी लागली. मित्रांनो, त्या आवाजाची मला सवय होती. पण त्या दिवशी आत जे होते, ते श्वास घेत होते.

"शेफाली, मी तिथं गूळ ठेवायचे," हिरणपिशी म्हणाली. "पोरगी म्हणजे काय गुळाची ढेप आहे?"

"गुळाला मुंग्या लागतात, दीदी. हिला मोबाईल लागलाय, मैत्रिणी लागल्यात. संध्याकाळचा शंख वाजला की आत, जेवायला बाहेर. आणि बुल्टी, आवाज येऊ दे! मला इथं भाजी चिरताना ऐकू आला पाहिजे."

त्या गावात मुले मोठ्याने वाचतात. संध्याकाळी घराघरांतून एका सुरात, डोलत डोलत, तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत राहते. ज्या घरातून आवाज येतो त्या घरातले मूल अभ्यास करते, अशी सगळ्यांची खात्री असते. समोरच्या घोषालबौदी, म्हणजे घोषालवहिनी, तर गच्चीवरून हजेरी घ्यायच्या. "काय गं शेफाली, काल तुमच्याकडे सामसूम? आमचा टुकाई तर असा घसा फोडून वाचतो की त्याच्यासोबत सगळी गल्ली पास होईल."

मला एक गोष्ट ठाऊक होती, जी बाहेर उभे राहून कळत नाही. जाड लाकडातून आवाज जातो, पण सगळा जात नाही. सूर पलीकडे पोचतो, चढउतार पोचतो; शब्दांच्या कडा मात्र माझ्यातच अडकतात. शेफालीला ऐकू येत होता तो फक्त सूर. सूर चालू असला की तिचा चाकू चालू असे. सूर अडखळला की चाकू थांबे आणि हाक येई, "काय झालं? झोपलीस?"

म्हणून बुल्टी अडखळेनाशी झाली. कसे, ते ऐका. जो धडा येत होता, तोच ती रोज वाचू लागली. प्रत्येक धड्याचे पहिले पान तिला पाठ होते. तिथे जीभ घसरत नसे. दुसऱ्या पानावर अवघड शब्द येई, गणित येई, थांबून विचार करावा लागे. थांबले की हाक. मग ती पुन्हा पहिल्या पानावर येई. रोज संध्याकाळी ती तिला येणाऱ्या गोष्टींचीच उजळणी करत होती, आणि जे येत नव्हते ते तसेच बंद पडून राहत होते, तिच्यासारखे.

कधी ती वाचता वाचता उठून येई आणि माझ्यावर कपाळ टेकवून वाचत राही. तिचा श्वास माझ्या डांबरावर गरम लागे. वरच्या झरोक्यातून दुर्गापूजेच्या मांडवातले ढोल ऐकू येत. अष्टमीच्या सकाळी फुले वाहण्यापुरती तिला बाहेर काढले, आणि संध्याकाळी परत कडी.

एकदा शेफाली लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. आतून भूगोलाच्या सुरात आवाज आला. "मा लुची तळतेऽऽ, मा लुची तळतेऽऽ, वास येतो, वास येतो, बुल्टीला मिळणार नाहीऽऽ, बुल्टी नापास होणाऽऽर."

"आज छान लागलंय हिचं," शेफाली समाधानाने म्हणाली.

हिरणपिशी तेव्हा मला पाठ टेकून वाटाणे सोलत होती. अगदी चिकटून बसले की माझ्यातून शब्दही कळतात. तिने पदराचा बोळा तोंडात धरला. थोड्या वेळाने तिने माझी कडी काढून दोन लुच्या आत सरकवल्या.

लक्ष्मीपूजा झाली आणि बुल्टीचा घसा बसला. मैत्र आडनावाच्या होमिओपथी डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि बजावले, "आठवडाभर तोंडातून शब्द नको. कुजबुजसुद्धा नको."

"पण डॉक्टरबाबू, टेस्ट तोंडावर आलीय! ही अभ्यास कसा करणार?"

"तोंड मिटून," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर शेफालीने कडी लावली आणि कान माझ्यावर टेकवला. आत काही नाही. कडी काढून पाहिले. बुल्टी पुस्तकापुढे बसलेली. कडी लावली. पुन्हा कान. पुन्हा काही नाही. माझ्या बिजागऱ्या त्या संध्याकाळी इतक्या कुरकुरल्या की पिशी म्हणाली, "अगं, एक काहीतरी कर. दाराला चक्कर येईल."

"काय वाचतेस?" शेफालीने बाहेरूनच ओरडून विचारले.

बुल्टीला बोलता येत नव्हते. फळीवर अल्पनेची नक्षी आखायला आणलेल्या खडूचा तुकडा पडला होता. तिने तो उचलला आणि माझ्या काळ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिले : बहिर्वक्र भिंग. मग माझ्यावर थाप मारली. शेफालीने मला सताड उघडले, मी फिरून भिंतीला लागले, आणि अक्षरे स्वयंपाकघरासमोर आली.

"बरं. काय आहे त्यात?"

बुल्टीने लिहायला सुरुवात केली. मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण भिंगातून गेल्यावर नाभीतून जातो. हे पहिले पान होते. मग तिने भिंग काढले, एक मेणबत्ती काढली, एक किरण काढला. आणि खडू थांबला.

"पुढे?"

खडू तसाच. एका किरणाने प्रतिमा मिळत नाही, दोन लागतात. दोन किरण जिथे भेटतात तिथे प्रतिमा. दुसरा किरण दुसऱ्या पानावर होता. शेफालीला भिंगातले काही कळत नव्हते. पण खडू कुठे थांबला, ते तिला दिसत होते, आणि दिसल्यामुळे ती ओरडली नाही. सुराच्या वेळी तिला फक्त अडखळणे ऐकू येई. कशाला अडखळली ते कधी कळले नव्हते.

बुल्टी आत गेली. पुस्तक उघडून उभ्या उभ्याच वाचले, बंद केले, परत आली, आणि भिंगाच्या मध्यातून सरळ जाणारा दुसरा किरण काढला. दोन रेषा माझ्या खालच्या फळीवर एकमेकींना भेटल्या.

"हे आधी येत नव्हतं?" शेफालीने हळूच विचारले. बुल्टीने मान हलवली.

तो आठवडा असाच गेला. पुस्तक मिटून लिहायचे. खडू थांबेल तिथे छोटे वर्तुळ काढायचे. मग पुस्तक उघडायचे. दुसऱ्या दिवशी धड्याच्या सुरुवातीपासून नाही, त्या वर्तुळांपासून सुरू करायचे. उत्तर आले की ते वर्तुळ पिशी ओल्या फडक्याने पुसायची. काही वर्तुळे तीन-तीन दिवस राहिली. गणिताची तर एक रांगच होती, आणि एका संध्याकाळी बुल्टीने खडू फेकून रडूनही घेतले. पण ती कुठे उभी आहे हे तिला पहिल्यांदाच दिसत होते.

आवाज परत आला, त्या दिवशी घोषालबौदीही आल्या.

"शेफाली, आठवडा झाला, ना आवाज, ना काही. दारही उघडं टाकलंय. सोडून दिलीस वाटतं आशा?"

त्या गेल्यावर शेफाली माझ्याजवळ आली. तिचा हात माझ्या काठावर होता. तिने मला ओढले. अर्धे अंतर मी आले. लिहिलेले सगळे आत वळू लागले.

"मा," बुल्टी म्हणाली. आवाज अजून खरखरीत होता. "तुला आवाज हवाय ना? ऐक." आणि उंबऱ्यात उभी राहून, डोलत, भूगोलाच्या सुरात तिने म्हटले, "मा लुची तळतेऽऽ, मा लुची तळतेऽऽ, बुल्टीला मिळणार नाहीऽऽ, बुल्टी नापास होणाऽऽर."

शेफालीने तो सूर ओळखला. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.

"हे... हे तू वाचायचीस?"

"कधी कधी. बाकीच्या वेळी पहिलं पान. थांबले की तू ओरडायचीस, मा. मग मी थांबायचेच नाही."

"आणि दीदी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला फक्त लुचीचं माहीत होतं," पिशी म्हणाली. "चाल चांगली होती."

शेफालीला हसू आले आणि ते मध्येच बदलले. तिने डोळे पुसले, तर गालाला खडू लागला. मग तिने मला परत भिंतीपर्यंत ढकलले आणि वाऱ्याने मी मिटू नये म्हणून तांदळाचा डबा ओढत आणून माझ्या पायाशी ठेवला.

टेस्टच्या सकाळी शेफालीने अंडे उकडले, तेव्हा पिशी किंचाळली, "परीक्षेला अंडं? ते शून्यासारखं असतं, भोपळा मिळेल पोरीला!" बुल्टीने मुकाट कपाळावर दह्याचा टिळा लावून घेतला आणि अंडेही खाल्ले. ती पहिली आली नाही. गणितात जेमतेम सुटली. भौतिकशास्त्रात मात्र दीदीमणींनी तिला विचारले, शिकवणी कोणाकडे लावलीस? माध्यमिकला ज्या मुली पाठवल्या, त्यांत ती होती. त्या संध्याकाळी घोषालबौदींना काही सांगायला कोणी गेले नाही. शेफाली माझ्यासमोर पाटावर बसून राहिली, आणि बुल्टी उरलेली वर्तुळे लिहीत होती.

आता बुल्टी बर्दवानला कॉलेजात आहे. डबा अजून माझ्या पायाशी आहे. माझी हिरवी बाजू भिंतीकडे असते, कडीला गंज चढून ती जागच्या जागी बसली आहे. परवा रंगारी आला होता. म्हणाला, "बौदी, कडीला थोडं तेल घालतो, चालू होईल."

"नको," शेफाली म्हणाली. "तसंच राहू दे."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे दार असेल आणि त्यामागे कोणी अभ्यासाला बसले असेल. जमले तर ते दार उघडे ठेवा आणि आतल्याला थांबू द्या. जिथे तो थांबतो, तिथूनच त्याचा अभ्यास सुरू होतो. आणि माझ्यासारख्या जुन्या दाराची निगा राखायची असेल, तर कडी गंजू द्या. तेल बिजागऱ्यांना घाला.